तिच्या कागदावर तिची केस शोधू नका

बाईने रंगवलेला कागद समोर आला की आपल्याकडे दोन प्रश्न ठरलेले असतात. पहिला, ‘हे काय आहे?’ आणि दुसरा, ‘यातून तुला काय सांगायचंय?’ कागदावर घर असेल, झाड असेल, गुडघ्यात डोके घालून बसलेली बाई असेल, तर विचारणाऱ्याचे समाधान होते. पण कागदावर नुसता निळा रंग पसरलेला असेल, त्यात कुठे तपकिरी मिसळत गेलेला असेल आणि एक कोपरा कोराच सोडलेला असेल, तर तिसरा प्रश्न येतो, ‘बरी आहेस ना?’ हे तीनही प्रश्न मला अन्यायाचे वाटतात. नवरा ते विचारतो, सासू विचारते, शाळेतले चित्रकलेचे सर विचारतात, याचे नवल नाही. आपल्या संस्था, आपली केंद्रे आणि आपल्या कार्यकर्त्याही ते विचारतात, म्हणून हा लेख.

अमूर्त जलरंगचित्रे हा विषय या पानांवर कशासाठी, असे काहीजणींना वाटेल. पोटगीचे अर्ज पडून आहेत, रेशनकार्डावर बाईचे नाव चढवायला अजून हेलपाटे घालावे लागतात, चौकीत तक्रार लिहून घ्यायला रात्र काढावी लागते. असे असताना रंगांचे ओघळ कशाला हवेत? माझे म्हणणे सरळ आहे. बाईच्या प्रत्येक कृतीला कारण हवे, उपयोग हवा आणि दुसऱ्याला कळेल असा अर्थ हवा, ही सक्ती पुरुषप्रधान व्यवस्थेचाच भाग आहे. पुरुष संध्याकाळी नाक्यावर दोन तास नुसता उभा राहू शकतो. बाई नुसती उभी राहिली तरी तिला विचारले जाते, कशासाठी? अमूर्त चित्र म्हणजे कागदावरचे असे नुसते उभे राहणे आहे. ते आपल्याला सहन होते की नाही, यावरून आपण बाईला किती मोकळीक द्यायला तयार आहोत ते कळते.

पाण्याचा रंग बायकांच्या वाट्याला का आला?

जलरंग म्हणजे डिंकात खललेली रंगाची पूड. ती पाण्यात विरघळते आणि पाणी सुकले की कागदावर बसते. टर्पेंटाइन नको, कॅनव्हास नको, स्टुडिओ नको. रंगांच्या वड्यांची पेटी, पेलाभर पाणी, एखादी जुनी ताटली आणि स्वयंपाकघरातला ओटा रिकामा झाल्यावरचा अर्धा तास, एवढ्यात काम सुरू होते. कोणी आले की आवरूनही टाकता येते. नेमक्या याच कारणांनी अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये हे माध्यम घरंदाज मुलींना शोभणारे मानले गेले. पियानो, भरतकाम आणि जलरंग हे लग्नाच्या बाजारातले गुण होते. मोठी चित्रे, म्हणजे इतिहासाची, पुराणकथांची आणि माणसांची चित्रे तेलरंगात व्हायची. त्यासाठी नग्न मॉडेल समोर ठेवून शरीराचा अभ्यास करावा लागे आणि तिथे बायकांना प्रवेश नव्हता.

लंडनची रॉयल अकॅडमी १७६८ मध्ये सुरू झाली तेव्हा संस्थापक सदस्यांत दोन स्त्रिया होत्या, अँजेलिका कॉफमन आणि मेरी मोझर. त्यानंतर पूर्ण सदस्य म्हणून पुढची स्त्री निवडली गेली ती थेट १९३६ मध्ये, लॉरा नाइट. अकॅडमीच्या शाळेत मुलींना मॉडेलवरून अभ्यास करण्याची परवानगी मिळाली १८९३ मध्ये, तीही मॉडेलच्या अंगावर कापड ठेवून. म्हणजे आधी बायकांना मोठ्या चित्रांच्या दाराबाहेर ठेवायचे, मग हातात पाण्याच्या रंगांची पेटी द्यायची आणि शेवटी म्हणायचे, बायका काय, हलकीफुलकी चित्रे काढतात! ही युक्ती आपल्याला नवी नाही. स्वयंपाक घरात बाईने केला की कर्तव्य आणि हॉटेलात पुरुषाने केला की कौशल्य, हा हिशेब आपण रोज पाहतो.

आणि हे माध्यम हलके तरी कुठे आहे? तेलरंगात चुकले तर वरून दुसरा थर देता येतो. जलरंग पारदर्शक असतो. खाली जे झाले ते वरून दिसत राहते. पांढरा रंग बहुधा वापरतच नाहीत, कागदाचा कोरेपणा हाच पांढरा. तो आधीच ठरवून राखून ठेवावा लागतो, एकदा गेला की गेला. ओल्या कागदावर रंग सोडला की तो किती पसरेल ते पाणी ठरवते, कागद ठरवतो, त्या दिवशीची हवा ठरवते. रंगवणारीला तिथे हुकूमत गाजवता येत नाही आणि हातावर हात ठेवून बसताही येत नाही. कागद तिरका धरायचा की आडवा, कुठे टिपून घ्यायचे आणि कुठे थांबायचे, हे तिला त्या ओलाव्यातच ठरवायचे असते. वस्तूचे चित्र असेल तर निदान वस्तूचा आधार असतो. अमूर्तात तोही नाही.

पहिले कोणाचे?

कलेच्या इतिहासात एक प्रसिद्ध चित्र आहे. पॅरिसच्या पाँपिदू केंद्रात असलेले हे वासिली कँडिन्स्कीचे चित्र ‘पहिले अमूर्त जलरंगचित्र’ म्हणून ओळखले जाते. त्यावर साल आहे १९१०. ते प्रत्यक्षात १९१३ च्या सुमारास रंगवलेले असावे, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. साल तीन वर्षे मागेपुढे झाल्याने चित्र काही लहान होत नाही. कँडिन्स्की मोठाच चित्रकार होता. माझे भांडण ‘पहिले’ या शब्दाशी आहे.

कारण १८७१ मध्ये लंडनच्या ओल्ड बाँड स्ट्रीटवर जॉर्जियाना हॉटन नावाच्या सत्तावन्न वर्षांच्या अविवाहित बाईने दालन भाड्याने घेऊन आपली १५५ जलरंगचित्रे मांडली होती. त्यांतल्या कित्येक चित्रांत ना माणूस, ना झाड, ना घर. एकात एक गुंतलेल्या, वळत जाणाऱ्या रंगीत रेषांचे थर, त्यांवर पांढऱ्या बारीक रेघा. भाडे तिने स्वतःच्या पैशाने भरले. पाहायला येणाऱ्यांशी बोलायला ती स्वतः दालनात बसायची. काही महिने प्रदर्शन चालले, चित्रे जवळजवळ विकली गेली नाहीत आणि ती आर्थिक अडचणीत आली. एका वृत्तपत्राने तिच्या चित्रांची तुलना रंगीत लोकरीच्या गुंत्याशी केली. पाहा, बाईने रेषा काढल्या तरी समीक्षकाला आठवते ते विणकामच!

१८८४ मध्ये ती वारली. तिच्या उरलेल्या चित्रांपैकी बरीचशी ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नमधील एका आत्मवादी संस्थेने सांभाळली. लंडनच्या कोर्टोल्ड गॅलरीने तिचे प्रदर्शन भरवले २०१६ मध्ये, म्हणजे पहिल्या प्रदर्शनानंतर १४५ वर्षांनी.

इथे एक आक्षेप नेहमी येतो. ही बाई म्हणे मृतात्म्यांशी बोलायची. आपला हात आत्मे चालवतात असे तिचे म्हणणे होते, चित्राच्या मागे त्याचे स्पष्टीकरणही ती लिहून ठेवायची. मग हिला कलावंत कसे म्हणायचे? आपण अंधश्रद्धेच्या विरोधात काम करणाऱ्या आहोत, आत्म्यांवर माझा विश्वास नाही. पण मापे दोन नकोत. कँडिन्स्कीने कलेतल्या आध्यात्मिकतेवर पुस्तक लिहिले आणि त्यात मादाम ब्लाव्हाट्स्की आणि त्यांच्या थिऑसॉफिकल सोसायटीचा आदराने उल्लेख केला. पीट मोंद्रियान १९०९ मध्ये त्याच सोसायटीचा सभासद झाला. या पुरुषांच्या बाबतीत इतिहासकार ‘तत्त्वचिंतन’ म्हणतात. बाईच्या बाबतीत तेच ‘अंगात येणे’ होते. आणि हेही विचारायला हवे, की त्या काळातल्या एकट्या बाईला, ‘हे मी माझ्या मनाने काढले’ असे म्हणायची सोय होती का? आपल्याकडेही अंगात आल्याशिवाय कित्येक बायकांना घरातल्यांसमोर आवाज चढवून बोलता आलेले नाही. आत्म्याचे नाव पुढे करणे ही श्रद्धा असेल, पण त्यामुळे कुंचला हातात धरण्याची परवानगीही मिळत होती.

स्वीडनची हिल्मा आफ क्लिंट हिची गोष्ट तर आता जगभर माहीत झाली आहे. जन्म १८६२. स्टॉकहोमच्या रॉयल अकॅडमीत रीतसर शिकलेली, निसर्गचित्रे आणि व्यक्तिचित्रे काढून पोट भरणारी. १८९६ पासून पाच मैत्रिणींचा तिचा एक गट होता. त्या नेमाने भेटत, ध्यान करत, आपोआप उमटणाऱ्या रेषा काढत. १९०६ पासून ती अमूर्त चित्रे रंगवू लागली. १९०७ मध्ये तिने तीन मीटरहून उंच अशी दहा चित्रे केली. १९२२ मध्ये तिने ओल्या कागदावर जलरंग सोडून एक मालिका रंगवली. नावात फुले आणि झाडे आहेत, पण कागदावर दिसतात ते रंगांचे वितळत जाणारे डाग. १९४४ मध्ये ती वारली तेव्हा हजाराहून जास्त चित्रे मागे ठेवून गेली आणि माझी अमूर्त चित्रे वीस वर्षे कोणाला दाखवू नका, असे सांगून गेली. वीस वर्षांनीही कोणाला घाई नव्हती. १९७० मध्ये स्टॉकहोमच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाला ही चित्रे भेट म्हणून देऊ केली, तेव्हा ती नाकारली गेली. २०१२-१३ मध्ये न्यूयॉर्कच्या मोमा संग्रहालयाने अमूर्त कलेच्या जन्माचे मोठे प्रदर्शन भरवले, त्यात ती नव्हती. पुढे २०१८-१९ मध्ये त्याच शहरातल्या गुगनहाइममध्ये तिची चित्रे लागली आणि सहा लाखांहून जास्त लोक आले. लोकांना कळत नव्हते असे नाही. दाखवले जात नव्हते.

आणि मग शरीर

बाईच्या अमूर्त चित्राला नाकारण्याचा दुसरा मार्ग म्हणजे त्यात तिचे शरीर शोधणे. जॉर्जिया ओकीफ टेक्सासमधल्या कॅन्यन या छोट्या गावात १९१६ ते १९१८ या काळात चित्रकला शिकवत होती. तिथल्या सपाट माळरानावरच्या पहाटेची तिने १९१७ मध्ये तीन जलरंगचित्रे केली. निळ्या रंगाची एकावर एक चढणारी वलये आणि मध्ये उजळत जाणारा कोरा कागद, बस्स. अमूर्त जलरंगातले इतके निखळ काम क्वचित पाहायला मिळते.

त्याआधी १९१६ मध्ये अल्फ्रेड स्टीग्लिट्झ या छायाचित्रकाराने तिची कोळशाने काढलेली चित्रे तिला न विचारताच न्यूयॉर्कच्या आपल्या गॅलरीत लावली होती. ती जाब विचारायला गेली. पुढे दोघांचे लग्न झाले. १९२१ मध्ये त्याने काढलेल्या तिच्या छायाचित्रांचे प्रदर्शन झाले, त्यात नग्न छायाचित्रेही होती. मग समीक्षकांना तिच्या प्रत्येक वळणात, प्रत्येक पाकळीत स्त्रीचा देह दिसू लागला. तिने आयुष्यभर सांगितले, हे तुम्ही बघता आहात, मी काढलेले नाही. कोणी ऐकले नाही. पुढच्या वर्षांत ती ओळखू येणाऱ्या वस्तूंकडे जास्त वळली, त्यामागे या वाचनाचा वैतागही होता.

आता आपल्या गोटातली गोष्ट. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या स्त्रीवादी कलावंतांनी ओकीफला आपली पूर्वज म्हणून डोक्यावर घेतले. जूडी शिकागोच्या ‘द डिनर पार्टी’ या प्रसिद्ध कलाकृतीत इतिहासातल्या ३९ स्त्रियांसाठी ताटे मांडली आहेत. शेवटचे ताट ओकीफचे, आणि त्याचा आकार स्त्रीच्या योनीवरून सुचलेला. हेतू चांगला होता, बाईच्या देहाची लाज पुसायची होती. पण ओकीफला ते मान्य नव्हते. आता कोणी म्हणेल, ती स्त्रीवादाच्या विरोधात होती. तसेही नाही. तरुणपणापासून ती अमेरिकेच्या नॅशनल विमेन्स पार्टीची सभासद होती आणि १९४४ मध्ये तिने एलिनॉर रूझवेल्ट यांना पत्र लिहून समान हक्कांच्या दुरुस्तीला पाठिंबा मागितला होता. तिला बाईचे हक्क हवे होते. आपल्या निळ्या रंगाला ‘बायकी’ म्हटलेले नको होते. या दोन मागण्यांत विरोध नाही, हे आपल्याला समजायला एवढा वेळ का लागावा?

आपल्या घरातली गोष्ट

महाराष्ट्राला जलरंगांची मोठी परंपरा आहे. त्या परंपरेतले सर्वांत ओळखीचे चित्र कोणते? सावळाराम हळदणकरांनी १९४५-४६ च्या सुमारास रंगवलेली, दिव्यावर हात धरून उभी असलेली बाई. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात ते चित्र आहे, कॅलेंडरांवरून ते घरोघर पोचले. त्यासाठी हळदणकरांची मुलगीच उभी राहिली होती. चित्र अप्रतिम आहे. पण आपल्या मनात जलरंग आणि बाई यांचे नाते असेच बसले आहे. बाई कागदावर असायची, कागदासमोर नाही.

कागदासमोर त्या बसतच नव्हत्या असे मात्र नाही. शासनाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांना किती मुली बसतात ते कुठल्याही केंद्रावर जाऊन पाहा. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, हातात रंगांची पेटी, पाण्याचा डबा. सर्टिफिकेट येते, दहावीच्या गुणांत भर पडते, पेटी माळ्यावर जाते. पुढे हातात रंग येतो तो दारातल्या रांगोळीपुरता आणि संस्थेच्या पणत्या रंगवण्यापुरता.

मुंबईच्या भुलाभाई देसाई संस्थेत १९६० च्या सुमारास अनेक चित्रकार जागा घेऊन काम करत. वासुदेव गायतोंडे तिथे होते, नसरीन मोहमदीही होत्या. गायतोंडे नागपुरात जन्मले, जे. जे. मध्ये शिकले, कमी बोलले आणि आपल्या चित्रांचा अर्थ सांगायच्या फंदात पडले नाहीत. त्यांच्या त्या मौनाला आपण साधना म्हणतो आणि त्यांच्या चित्रांना कोट्यवधींची किंमत येते. ते योग्यच आहे.

नसरीन मोहमदी १९३७ मध्ये कराचीत जन्मल्या, मुंबईत वाढल्या, लंडन-पॅरिसला शिकल्या. सुरुवातीच्या काळात त्यांनी कागदावर शाई आणि जलरंगाचे फिकट थर दिले, त्यात कुठे पाण्याचा, कुठे फांद्यांचा भास होतो. पुढे तोही गेला आणि उरल्या त्या नुसत्या रेषा. १९७२ पासून त्यांनी बडोद्याच्या विद्यापीठात शिकवले. तिथे माणसांची, गल्लीबोळांची, गोष्टी सांगणारी चित्रे जोरात होती. त्या तिथेच राहून गोष्ट न सांगणारी चित्रे काढत राहिल्या. बहुतेक चित्रांना त्यांनी नाव दिले नाही, तारीखही घातली नाही. शरीराची हालचाल हाताबाहेर नेणाऱ्या आजाराने त्यांना गाठले, तरी त्या काम करत राहिल्या. १९९० मध्ये अलिबागजवळ किहीमला त्या गेल्या. २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने आपल्या नव्या शाखेचे दार उघडले ते ज्या प्रदर्शनांनी, त्यांत एक नसरीन यांचे होते. तरीही त्यांच्याविषयी बोलताना आधी आजार येतो, मग एकटेपण येते, मग मुसलमान बाई असणे येते आणि रेषा शेवटी. गायतोंडे गप्प राहिले तर ते ऋषी. नसरीन गप्प राहिल्या तर आपण डॉक्टरांचा कागद शोधतो.

आपल्या केंद्रात काय चालते?

इथवर वाचून मान डोलावणे सोपे आहे. आता आपल्याकडे येऊ.

समाजकार्याच्या अभ्यासक्रमात आम्हाला घर-झाड-माणूस ही चाचणी सांगितली जाते. जॉन बक या मानसशास्त्रज्ञाने ती १९४८ मध्ये मांडली. समोरच्याने काढलेल्या घराला दार नसेल तर अमुक, झाडाला मुळे नसतील तर तमुक. प्रशिक्षित माणसाने, ठरावीक कामासाठी, जपून वापरायचे ते साधन आहे. पण आपल्याकडे दोन दिवसांच्या शिबिरात ते ऐकलेली प्रत्येकजण पुढे आयुष्यभर बायकांच्या कागदांवर निदान करत सुटते. काळा रंग म्हणजे नैराश्य, लाल म्हणजे राग, मोकळी जागा म्हणजे पोकळी. जलरंगातली मोकळी जागा म्हणजे उजेड असू शकतो, हे कोणी शिकवलेले नसते.

मी ज्या निवारागृहात काम करत होते तिथे एका पावसाळ्यात आम्ही आठवड्यातून एक दुपार रंगांसाठी ठेवली. स्टीलच्या ताटल्या, पेल्यांत पाणी, जुन्या ओढणीचे तुकडे टिपायला. एक बाई होती, चाळिशीची. पहिल्या दिवशी तिने कागद भिजवला, निळ्याचा एक फटकारा मारला आणि पुठ्ठा हातात घेऊन ती तो रंग इकडून तिकडे जाताना बघत बसली. चार आठवडे तिने तेच केले. कधी निळ्यात गेरू, कधी नुसता गेरू. एक कोपरा मात्र ती दर वेळी कोरडा ठेवायची. रंग तिथपर्यंत येऊन थांबला की तिला हसू यायचे.

मग पैसे देणाऱ्या संस्थेकडून निरोप आला की बायकांच्या चित्रांचे प्रदर्शन करा आणि प्रत्येक चित्राखाली एक कार्ड लावा, त्यावर वय, काय अत्याचार झाला आणि आता कसे वाटते ते लिहा. पाहणीला आलेल्या बाईंनी तिला विचारले, “ही नदी आहे का? गावाला पूर आला होता का?” ती म्हणाली, “नाही. पाणी आहे.” “मग यातून काय सांगायचंय तुम्हाला?” ती म्हणाली, “माझी केस फायलीत आहे की. इथं कशाला परत?” तिचे चित्र लागले नाही. मी भांडले, पत्र लिहिले. उत्तर आले की चित्र संदेश देत नाही.

मैत्रिणींनो, त्या बाईचे वाक्य पुन्हा वाचा. आपल्या दारात पोचेपर्यंत बाईने आपली गोष्ट किती वेळा सांगितलेली असते? चौकीत सांगितलेली असते, सरकारी दवाखान्यात सांगितलेली असते, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याच्या अहवालात ती कलमवार लिहिलेली असते, वकिलाला सांगितलेली असते, कोर्टात उलटतपासणीत फिरवून फिरवून सांगावी लागणार असते. तारीख, वेळ, कोणता हात, कोणती काठी. न्याय मिळवायचा तर हे करावेच लागते आणि त्यासाठी आपण तिच्या बाजूला उभ्या राहतो. पण दिवसात अर्धा तास तरी असा हवा, की जिथे तिला साक्ष द्यायची नाही. कागदावर ती कोणाची बायको नाही, पीडित नाही, लाभार्थी नाही. ती फक्त ठरवते आहे, इथे रंग थांबेल. आपल्या घरात कुठे काय थांबेल हे ज्या बाईला वीस वर्षे ठरवता आले नाही, तिच्यासाठी हे ठरवणे लहान नाही.

आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप : चळवळीची कला लोकांना कळली पाहिजे. अगदी मान्य. १९८३ मध्ये ‘मुलगी झाली हो’ हे नाटक आले आणि ते गावोगाव पोचले, कारण ते कळत होते. पोस्टर कळले पाहिजे, घोषणा कळली पाहिजे, गाणे ओठावर बसले पाहिजे. पण चळवळीची कला आणि चळवळीतल्या बाईची कला या दोन गोष्टी आहेत. पहिली आपल्या सगळ्यांची आहे, तिच्यावर आपण चर्चा करू, बदल सुचवू. दुसरी तिची आहे.

दुसरा आक्षेप : ही शहरी, सुखवस्तू बायकांची चैन आहे. चैन काय असते ते पाहा. गॅलरीचे भाडे चैन असेल, महागडे परदेशी कागद चैन असतील. शाळेच्या वड्यांची पेटी आणि पुण्याचा हातकागद ही चैन नाही. आमच्या केंद्रात चहा-बिस्किटांवर महिन्याला त्याहून जास्त खर्च होतो. उलट मी म्हणेन, की कष्टकरी बाईला फक्त दुःख आणि उपयोगी वस्तू यांचेच कौशल्य असते, रंगाचा विचार तिला झेपत नाही, ही समजूतच उच्चवर्गीय आणि उच्चवर्णीय आहे. तिच्याकडून पणत्या आणि पिशव्या घ्यायच्या आणि अमूर्त चित्र मात्र जे. जे. मध्ये शिकलेल्याकडून, ही कलेतली जातच झाली.

तिसरा आक्षेप : असले लहान मूलही काढेल. काढेल ना. पण लहान मूल जे बेधडक करते ते बाईला चाळिसाव्या वर्षी पुन्हा करता येण्यासाठी मधली किती वर्षे बाजूला सारावी लागतात, याचा विचार हे म्हणणाऱ्याने केलेला नसतो.

म्हणून काय करायचे?

एक. आपल्या केंद्रांत रंगांची वेळ असेल तर ती समुपदेशनाच्या वेळेपासून वेगळी ठेवा. त्या कागदांवरून नोंदी करू नका आणि ते केसच्या फायलीत घालू नका.

दोन. चित्राखाली अत्याचाराचे कार्ड लावणे बंद करा. तिला नाव घालायचे असेल तर तिचे नाव, शीर्षक द्यायचे असेल तर तिचे शीर्षक, नसेल तर काहीच नाही. चित्र विकले गेले तर पैसे तिचे, आणि ते छापायचे तर आधी तिची परवानगी.

तीन. देणगीदार ‘संदेश’ मागतील तेव्हा उत्तर द्यायची तयारी आपण सगळ्यांनी मिळून करू. एकेकटी कार्यकर्ती भांडली तर तिला हट्टी ठरवतात. दहा संस्थांनी एकाच महिन्यात तेच पत्र पाठवले तर ते वाचावे लागेल.

चार. आपल्या शिबिरांत बायकांचा इतिहास शिकवताना जॉर्जियाना हॉटन, हिल्मा आफ क्लिंट आणि नसरीन मोहमदी यांची चित्रे दाखवा. त्यांच्यावर झालेला अन्याय सांगून थांबू नका. चित्रे भिंतीवर लावा, पाच मिनिटे गप्प बसा आणि बायकांना बघू द्या.

पाच. एखाद्या दुपारी स्वतः कागद भिजवून बसा. आपण कार्यकर्त्याही दिवसभर दुसऱ्यांना अर्थ समजावून देऊन थकतो.

आणि शेजारी बसलेली बाई रंग सोडून नुसती बघत असेल तर तिला काही विचारू नका. विचारायचेच असेल तर एवढेच विचारा, अजून कागद हवा का?